पंचविसावं मत

मेपल हॉलो, अमेरिका
२० जून २०२२

प्रिय सुलेखामावशी,

पुंगोलला लेकीकडे बसून कंटाळा येतो, काहीतरी मजेशीर लिही, असं तू गेल्या पत्रात म्हटलं होतंस. लिहिते. मी निवडणुकीला उभी आहे.

म्हणजे मी उभी राहिलेले नाही. मला कुणी उभं केलेलंही नाही. झालं ते असं. आमच्या राज्याला आपली स्वतःची सेनेट आहे, आणि तिच्या एकोणिसाव्या मतदारसंघात आम्ही राहतो. इथून एका पक्षाचे सेनेटर प्लम बत्तीस वर्षं निवडून येताहेत. दुसऱ्या पक्षाला त्यांच्यासमोर उभं राहायला वीस वर्षांत माणूस मिळालेला नाही. गेल्या मंगळवारी दोन्ही पक्षांचे उमेदवार ठरवायचं मतदान होतं. दुसऱ्या पक्षाच्या मतपत्रिकेवर त्या पदाखाली नेहमीप्रमाणे नुसती एक रिकामी रेघ होती. हवं तर तिथे कुणाचंही नाव हाताने लिहायचं. लोक ती सोडून देतात.

मी ग्रंथालयात नव्या नागरिकांचा वर्ग घेते हे तुला माहीत आहे. यंदा त्यात आपल्या मराठी मंडळाचे चोवीस जण होते. अर्ज भरताना मी त्यांना शंभरदा बजावलं होतं की एकही जागा रिकामी ठेवायची नाही. शेवटच्या दिवशी मतपत्रिका समजावून सांगायला मी एक नमुना करून भिंतीवर लावला, आणि त्या रेघेवर उदाहरण म्हणून माझंच नाव लिहिलं. आपल्याकडे बँकेत काचेखाली भरलेल्या फॉर्मचा नमुना असायचा, तसा. मावशी, चोवीसच्या चोवीस जणांनी नमुना जसाच्या तसा उतरवला. मोठ्या अक्षरांत, प्रणिता साठे. सगळे पहिल्यांदाच मत देत होते आणि कुणालाही गाळलेली जागा रिकामी सोडवली नाही.

उमेदवारी मिळायला अशी किमान पंचवीस मतं लागतात. मला नेमकी पंचवीस पडली. पंचविसावं कुणाचं ते कोण सांगणार, मतदान गुप्त असतं.

घाबरू नकोस. पंधरा जुलैपर्यंत नाव मागे घेता येतं, आणि ते मी घेणारच आहे.

तुझी,
प्रणिता

---

पुंगोल, सिंगापूर
२३ जून २०२२

चि. प्रणितास पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र आमच्या जावईबापूंनी, तन्मयने, ऑफिसात छापून आणून दिलं. ते मी खाली ब्लॉकच्या मोकळ्या जागेत दगडी टेबलाशी बसून वाचत होते. इतकी हसले की समोरच्या मॅडम लिमची कॉफी सांडली. तिला इंग्रजीत सांगितलं तर ती म्हणाली, "वा, युअर नीस सो पॉप्युलर, ट्वेंटी-फाइव्ह लाह." तिने आकडा तेवढाच ऐकला. (लाह हे इथल्या इंग्रजीचं शेपूट.)

तू कुणाला लिहिते आहेस याचं भान ठेव. चिपळूणच्या शाळेत मी बत्तीस वर्षं शिकवलं आणि त्यात चौदा वेळा मतदान केंद्राध्यक्ष होते. लाखेची सीलं केली, शाईच्या बाटल्या मोजल्या, एका उमेदवाराच्या मेव्हण्याने पाठवलेली भजी परत पाठवली. अख्खं केंद्र माझ्यावर आठ दिवस रुसलं होतं. आणि आता इथे काय, तर ऋता सातला बाहेर पडते, तन्मय वन-नॉर्थला ऑफिसात जातो, आणि मी एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून पुंगोलला गोल फेरी मारते आणि जिथून निघाले तिथेच उतरते. काल दोन फेऱ्या मारल्या. तुझी ही निवडणूक म्हणजे मला घरपोच आलेलं काम आहे.

तेव्हा ताबडतोब त्या एकोणिसाव्या मतदारसंघाचा सगळा इतिहास पाठव. कोण कधी उभं राहिलं, किती मतं, एकूण मतदान किती. गोषवारा नको, आकडे हवेत.

आणि पंचविसावा माणूस मी शोधून काढणार आहे. प्रताप नसेल. तुझा नवरा हॉटेलात डोसा मागवतानासुद्धा तुझ्याकडे बघतो.

तुझी मावशी

---

मेपल हॉलो
१ जुलै २०२२

प्रिय मावशी,

प्रताप खरंच नाही. त्याने कुठल्याच पक्षात नाव नोंदवलेलं नाही, त्यामुळे त्याला त्या दिवशी मत देताच आलं नाही. तो मात्र भलताच खूश आहे. शेजाऱ्यांना "माझी बायको सेनेटला उभी आहे" असं सांगत सुटलाय.

सोबत तक्ता जोडला आहे. ग्रंथालयातच काम करते म्हणून मिळाला, जुन्या फायलींवर धूळ इतकी की दोन दिवस शिंकत होते. १९९० मध्ये प्लम पहिल्यांदा आले ते अवघ्या तीनशे चाळीस मतांनी. चौऱ्याण्णव आणि अठ्ठ्याण्णवला आरामात. २००२ पासून पाच वेळा बिनविरोध. २०१८ ला तर त्यांच्याखाली दुसरं नाव आहे ते बिस्किट. मिल रोडवरच्या एका बाईंचा कुत्रा. त्याला अकरा मतं पडली होती.

सेनेटर प्लम यांचा परवा फोन आला. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आवाज गोड. म्हणाले, अभिनंदन, विरोधकाचा नंबर कुठल्या नावाने साठवतात तेच मी विसरलो होतो. मी घाबरून त्यांना "थँक यू, सॉरी" म्हटलं. सॉरी कशासाठी ते मलाही माहीत नाही.

हसणं पुरे झालं. नाव मागे घेण्याचा फॉर्म मी भरून ठेवलाय. सुवाच्य अक्षरात, एकही जागा रिकामी न ठेवता. दुकानात चुकीच्या मापाचे बूट परत करताना मला घाम फुटतो, मी काय लोकांच्या दारात जाऊन मत मागणार? नववीत मॉनिटरसाठी माझं नाव फळ्यावर लिहिलं होतं आणि मी उठून स्वतः पुसलं होतं. तू वर्गशिक्षिका होतीस. तेव्हा काही बोलली नाहीस, आताही बोलू नकोस.

तुझी,
प्रणिता

---

पुंगोल
५ जुलै २०२२

चि. प्रणिता,

नववीत बोलले नाही याचं मला अडतीस वर्षं वाईट वाटतंय. तेव्हा आता बोलणार.

तुझा तक्ता मी जेवणाच्या टेबलावर पसरून ठेवलाय, त्यामुळे घरातले तीन दिवस सोफ्यावर जेवताहेत. काल एक गोष्ट सापडली आणि मी चष्मा पुसून पुन्हा बेरीज केली. तू २०१८ ची ओळ बघ. एकूण मतपत्रिका एकसष्ट हजार चारशे ऐंशी. प्लमना सत्तेचाळीस हजार चारशे तेहेतीस. बिस्किटला अकरा. मग उरलेले चौदा हजार छत्तीस कुठे गेले? ते लोक केंद्रावर आले, रांगेत उभे राहिले, इतर सगळ्या पदांना मत दिलं, आणि या एका ओळीपाशी आल्यावर पेन उचलून पुढे गेले. कोरी मतं. २००२ ला ती सहा हजार होती, मग आठ, नऊ, अकरा आणि आता चौदा. दर वेळी वाढताहेत. प्लमसाहेब बिनविरोध निवडून येत नाहीयेत बाई, त्यांच्या विरोधात ही कोरी माणसं वीस वर्षं उभी आहेत. त्यांना फक्त नाव हवंय.

मी केंद्राध्यक्ष असताना एक म्हातारी दर निवडणुकीला यायची, शिक्का कुठेच मारायची नाही आणि चिठ्ठी पेटीत टाकून हसत घरी जायची. मला तिचा राग यायचा. आता वाटतं, तिला हवं ते नाव चिठ्ठीवर नव्हतंच.

ग्रंथालयात वीस वर्षं तू लोकांना त्यांची नावं कुठे लिहायची ते दाखवलंस. आता आपलं नाव छापून येतंय तर तू खोडरबर घेऊन धावतेस. फॉर्म फाड. ही आज्ञा आहे. माणसाने पुढे यायला लाजू नये.

पंचविसाव्याबद्दल: माझा संशय पोस्टमनवर आहे. तो तुला दिवाळीला कार्ड देतो असं तूच लिहिलं होतंस.

तुझी मावशी

ता. क. प्रणिताताई, मी तन्मय. आईंची पत्रं मीच स्कॅन करतो म्हणून हे शेवटी लिहितोय, त्यांना सांगू नका. इथे ब्लॉकखाली सकाळी व्यायाम करणाऱ्या आज्यांचा एकतीस जणींचा ग्रुप आहे. आज सकाळी सगळ्यांनी आईंना लीडर व्हायला सांगितलं. आईंनी "नो नो, माय इंग्लिश नॉट गुड" असं म्हणून नाव मागे घेतलं आणि घरी येऊन तुम्हाला वरचं पत्र लिहायला बसल्या.

---

मेपल हॉलो
१३ जुलै २०२२

आदरणीय केंद्राध्यक्षबाई,

माणसाने पुढे यायला लाजू नये, असं कुणीसं लिहिलंय. अक्षर तुझ्यासारखंच आहे.

मला सगळं कळलं आहे. कुणाकडून ते विचारू नकोस, स्रोत गुप्त असतो. अडतीस वर्षं वाईट वाटून घेणारी बाई पुंगोलच्या ब्लॉकखाली फळ्यावरचं नाव पुसून आली, आणि वर मला आज्ञा करते. मी पत्र वाचून इतक्या मोठ्याने हसले की ग्रंथालयात मलाच "शू" करावं लागलं.

पण मग हसू थांबलं आणि मी ते चौदा हजार छत्तीस पुन्हा वाचलं. रात्री जेवतानाही तेच डोक्यात होतं. प्रताप म्हणाला, त्यातला एक मी आहे. मी विचारलं, तू दर वेळी कोरं सोडत होतास? तो म्हणाला, मग काय कुत्र्याला देऊ? वीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं.

म्हणून ऐक. सौदा. तू तिकडे आपलं नाव परत दे, मी इकडे फॉर्म फाडते. तुझं उत्तर पंधरा तारखेच्या आत यायला हवं. तुझ्याकडे पंधरा तारीख माझ्या बारा तास आधी उजाडते, तेव्हा सबब चालणार नाही.

फॉर्म टेबलावर आहे. पेनही बाजूलाच आहे.

प्रणिता

---

पुंगोल
१५ जुलै २०२२, सकाळी सात

फाड.

नाव दिलं. सविस्तर मागाहून. तन्मयला तीन दिवस गोड काही मिळणार नाही.

मावशी

---

पुंगोल
१८ जुलै २०२२

चि. प्रणिता,

सविस्तर असं. मी खाली जाऊन म्हटलं, "आय ॲम स्टँडिंग." सगळ्या टाळ्या वाजवून म्हणाल्या, "ओके, सेटल." आणि गाण्यांच्या स्पीकरच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. बिनविरोध. मी किल्ली परत केली. म्हटलं, चौदा वेळा निवडणूक घेतलेली बाई अशी टाळ्यांवर निवडून येणार नाही. समोर कुणीतरी उभं राहायलाच हवं. त्यांना वाटलं मला राग आला. शेवटी तीन दिवस मी घरोघर जाऊन स्वतःसाठी विरोधक शोधत होते. नाही हो करत मॅडम लिम तयार झाली, पण म्हणाली, "आय स्टँड, आय विन, यू डोन्ट क्राय ह."

तारीख तुझीच ठेवली आहे, आठ नोव्हेंबर. तोपर्यंत प्रचार. तिचं म्हणणं सकाळी चिनी गाणी लावायची, माझं म्हणणं आलटून पालटून. मलय आज्या अजून कुंपणावर आहेत.

तू दार कसं ठोठावतेस ते कळव. आणि पोस्टमनचं काय झालं?

मावशी

---

मेपल हॉलो
२ ऑक्टोबर २०२२

प्रिय मावशी,

उशीर झाला, रागावू नकोस. बुटांचे दोन जोड झिजले. (तिसरा चुकीच्या मापाचा निघाला, मी तो परत केला. दुकानदाराच्या डोळ्यांत बघून.)

पहिल्या दारात मी फक्त "मी प्रणिता, सॉरी" म्हणून परत आले. दुसऱ्या दारात नाव आणि मतदारसंघाचा क्रमांक सांगितला. चाळिसाव्या दारात एका शेतकऱ्याने विचारलं, प्लम काय वाईट आहेत? मी तुझ्या बेरजांचा तक्ता काढून दाखवला. त्याने कोऱ्या मतांच्या आकड्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "म्हणजे मी एकटाच कोरं सोडत नव्हतो तर." त्याने बायकोला हाक मारली. तिनेही कबूल केलं. दोघांनी एकमेकांपासून लपवलं होतं. तेव्हापासून मी दुसरं काही बोलतच नाही, दारात उभी राहते आणि तुझा तक्ता उघडते. मंडळाचे चोवीस जण आता शनिवार-रविवार माझ्याबरोबर फिरतात. त्यांना वाटतं चूक त्यांची, तेव्हा निस्तरणंही त्यांनीच करायचं. त्यांच्यातल्या निशिगंधाने वाटायला चकल्यांची पाकिटं आणली होती, ती मी परत पाठवली. भजीचा नियम.

मिल रोडला बिस्किटच्या बाईंना भेटले. बिस्किट गेल्या वर्षी गेला. त्या म्हणाल्या, त्याची मतं तुला देते, पण एक वचन दे, त्याच्यापेक्षा जास्त मिळव. मी वचन दिलं.

काल बाजारात सेनेटर प्लम दिसले. तेही दारोदार फिरताहेत, वीस वर्षांनी पहिल्यांदा. म्हणाले, गुडघे दुखतात, पण लोक मजेदार आहेत, मी विसरलोच होतो. त्यांनी मला गुडघ्याचं मलम सांगितलं.

मावशी, मला भीती वाटेनाशी झाली आहे. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. हरेन बहुतेक. पण कोरी मतं कमी झाली नाहीत तर मात्र मला खरंच रडू येईल. मला तेवढंच हवं आहे.

पोस्टमन प्लम यांच्या पक्षाचा निघाला, त्याला आमची मतपत्रिका मिळतच नाही.

तुझी,
प्रणिता

---

पुंगोल
९ नोव्हेंबर २०२२

चि. प्रणितास,

इथे बुधवार उजाडला आणि तुमच्याकडे मोजणी सुरू झाली. तन्मयने आज घरूनच काम घेतलं, म्हणजे लॅपटॉपवर एक डोळा ऑफिसावर आणि एक तुझ्या मतदारसंघावर. ऋता कामावर जायला निघाली आणि दारातूनच परत फिरून माझ्याशेजारी बसली. मी तक्त्याची शेवटची ओळ आखून पेन घेऊन बसले होते. दुपारी आकडे पक्के झाले तसे मी शाईने भरले.

प्लम चौतीस हजार दोनशे दहा. साठे सव्वीस हजार तीनशे एक. बिस्किट शून्य. कोरी मतं तीनशे एक्याण्णव.

तीनशे एक्याण्णव, प्रणिता. चौदा हजारांवरून. मी पेन खाली ठेवलं आणि रडले, आणि ऋता म्हणाली आई हरलीये ती, आणि मी म्हटलं तुला बेरीज येत नाही. तू हरलीस हे मला मान्य आहे. पण हा तक्ता मी सबंध उन्हाळाभर वाचला आहे, आणि त्यात इतकी भरलेली ओळ बत्तीस वर्षांत दुसरी नाही. मग मी खाली जाऊन सगळ्या आज्यांना तो दाखवला. मॅडम लिम म्हणाली, "ट्वेंटी-सिक्स थाउजंड, वा. बिफोर ओन्ली ट्वेंटी-फाइव्ह." या वेळी तिने बरोबर ऐकलं होतं.

आता माझं. काल सकाळी मतदान झालं. मतपेटी म्हणून माइलो या पेयाच्या पावडरीचा मोठा डबा, सीलसाठी मॅडम लिमच्या देवघरातली लाल मेणबत्ती, बोटाला मार्कर. शिस्तीत झालं. मी पंधरा, मॅडम लिम सोळा.

एका मताने हरले. आणि हे मी तुलाच सांगते, ऋताला सांगू नकोस. माझं मत मी मॅडम लिमला दिलं. चिठ्ठी हातात घेतली आणि वाटलं, आपणच आपल्याला मत देणं बरं दिसत नाही. चांगल्या घरची माणसं असं करत नाहीत. नंतर मी तिला विचारलं, तू कुणाला दिलंस? तिने माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. "मायसेल्फ लाह. हू एल्स?"

आज सकाळी चिनी गाण्यांवर हात वर केले. वाईट नाहीत. तिने मला किल्लीची उपलीडर केलंय.

आता एवढं सांग, ते पंचविसावं मत कुणाचं होतं? पाच महिने होत आले, मला झोप लागत नाही.

तुझी मावशी

---

मेपल हॉलो
१२ नोव्हेंबर २०२२

माझी लाडकी मावशी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा सोळा-पंधराला येऊन हसत सुटले. प्रताप धावत आला, त्याला वाटलं मला हरल्याचा धक्का बसला. धक्का नाही गं. मी चार दिवस जमिनीवर नाही. काल ग्रंथालयात तीन अनोळखी माणसांनी मला मिठी मारली आणि एकाने पुस्तकाचा दंड भरला, तोही २०११ चा. सेनेटर प्लम यांनी फोन करून सांगितलं की पुढच्या वेळी ते उभे राहणार नाहीत, गुडघे ऐकत नाहीत. "जागा रिकामी असेल, मिसेस साठे," म्हणाले. मी या वेळी सॉरी म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी तू मॅडम लिमसमोर पुन्हा उभी राहा. आणि तेव्हा आपलं मत आपल्याला दे. चांगल्या घरच्या माणसांना हे चालतं. मला कसं माहीत, ते आता सांगते.

चौदा जूनला कामावर जाण्याआधी मी मत द्यायला गेले. आडोशामागे उभी राहिले. सगळे गोल काळे करून झाले आणि ती रिकामी रेघ आली. वीस वर्षं मी तिच्याकडे बघून पेन उचलून पुढे जात होते, प्रतापसारखीच, त्या शेतकऱ्यासारखीच. आदल्या दिवशीच वर्गाच्या भिंतीवरून तो नमुना काढला होता. माझं नाव त्या रेघेवर कसं दिसतं ते मला माहीत होतं. आजूबाजूला बघितलं, कुणी नव्हतं. मंडळातले काय लिहून गेलेत किंवा लिहिणार आहेत, याची मला काही कल्पना नव्हती. एका मताने काय होणार, असं वाटलं. लिहिलं, पत्रिका यंत्रात सरकवली, आणि गाडीत बसून एकटीच दहा मिनिटं हसले. मग चार-पाच दिवसांनी मोजणी आली आणि मी तुला पत्र लिहायला बसले. तुलाही खरं सांगायची लाज वाटली.

मावशी, पोस्टमनची माफी माग. चोवीस जणांनी ते नाव चुकून लिहिलं होतं. पंचविसाव्या बाईने मुद्दाम लिहिलं.

तुझी,
प्रणिता